एक घंटी, दोन घंट्या

मेहकर
१२ जानेवारी २०२५

जयमाला,

पाकिटावरचं अक्षर पाहून पत्र चुलीत टाकू नको. तुह्या घरी चूल नसेल, गॅस असेल, तरी टाकू नको. फोन तू उचलत नाहीस. दुसऱ्याच्या फोनवरून केला तर माह्या 'हॅलो'वरच कापतेस. मग काय करू? एसटीत जिंदगीभर कंडक्टरकी केली, 'पुढं सरका, पुढं सरका' म्हणून घसा बसवला, अन् आता पोटच्या पोरीसंग बोलायले पोस्टातून पाकीट आणावं लागलं.

शाळेतल्यासारखं 'सप्रेम आशीर्वाद' लिहून सुरुवात केली होती. दोन कागद फाडले. बोलतो तसंच लिहितो. नागपुरात राहून तुले आपली बोली कळत असेल तर वाच.

तुले दिवस गेले हे मले शालूबाईनं सांगतलं. शेजारणीसंग तू दर आठवड्याले बोलतेस म्हणे. बापापेक्षा शेजारीण बरी, चांगलं आहे. मले आनंद झाला. झाला म्हणजे झाला. तुह्यं लग्न मले पटलं नव्हतं, धम्मदीपच्या घरात मी पाय ठेवला नाही, ते सारं जिथल्या तिथं आहे. पण नातवंड ते नातवंड.

घरचं ठीक आहे. तुही माय गेल्यापासून भाकरी मीच थापतो. वाकडी होते, पण पुष्पा खाते. तुही बहीण मजेत आहे. चोवीस वर्षांची झाली, पण डोकं अजून बालवाडीतल्या लेकराचं, ते तुले काय सांगायचं! अजूनही सगळ्याले 'हाव' म्हणते. चहा पाह्यजे का? हाव. नको ना? हाव. स्वयंपाकघराच्या दारातली घंटीही आहे. आठवते ना, डेपोत गाडी भंगारात निघाली तवा मी दोरीसकट आणली होती अन् तुही माय 'घरात काय एसटी चालवता का' म्हणून फुगून बसली होती? पण पुष्पाले तेवढंच पक्कं समजते. एक घंटी म्हणजे थांब. दोन घंट्या म्हणजे चल. वेणी घालताना केस ओढला की एक. ताटात भाजी पुरे झाली की एक. फिरायले जायचं असलं की दोन, अन् त्या एवढ्या जोरात की शालूबाईची मांजर पळते. दोरी हाताशी नसली तर खाट वाजवते, वाटी वाजवते, पण वाजवते.

एक सांगायचं होतं. पुष्पाचं लहानसं ऑपरेशन करायचं ठरलं आहे. पोटाचं. काळजीचं काही नाही. तू या दिवसात धावपळ करू नको.

तुझा बाप,
वामनराव


मेहकर
३० जानेवारी

जयमाला,

तुह्यं पत्र आलं. पत्र कायचं, एक ओळ. 'पोटाचं म्हणजे कशाचं, आणि पुष्पाला विचारलं का?' ना तीर्थरूप, ना नमस्कार. कोर्टातून नोटीस यावी तसं.

ठीक आहे. सांगतो. तिची पिशवी काढायची आहे. गर्भाची. झालं समाधान?

आता तू तिथं बसून कपाळावर आठ्या पाडशील. पाड. पण तू इथं नाहीस. पुष्पाची पाळी आली की या घरात काय होते ते तुले माहीत आहे का? तुही माय होती तोपर्यंत मले एका शब्दानं माहीत नव्हतं. त्या दिवसात दार लोटलेलं असे, मी ओसरीवर पेपर वाचत बसे, मले वाटे बायकाईचं बायका पाहतात. माय गेल्यावर शालूबाईनं सांभाळलं. देवासारखी बाई आहे, पण आता ती पोराकडं चालली, पुण्याले, सुनेच्या बाळंतपणाले. परत कधी येईल ते तिलेच माहीत नाही.

मागच्या महिन्यात ती गावाले गेली होती अन् नेमकं तवाच. पुष्पा अंगणात उभी, परकर भरलेला, अन् मले बोलावून दाखवून राह्यली, जखम झाली म्हणून. गल्लीतली पोरं पाहून राह्यली. मी तिले आत ओढलं. मग मेडिकलमध्ये गेलो. तिथं ओळखीचा पोरगा उभा, 'काय पाह्यजे काका?' मी खोकल्याची गोळी घेतली अन् परत आलो. परत गेलो. शेवटी त्यानंच समजून घेतलं, पेपरात गुंडाळून काळ्या पिशवीत टाकून दिलं, जसा काही मी बॉम्ब नेऊन राह्यलो. घरी आणून ते कसं लावायचं हेच मले माहीत नाही. पुष्पा हसते. मी रडलो, जयमाला. मोरीच्या दाराशी बसून रडलो. बापानं काय काय करावं?

माह्या छातीत, काळजाच्या नळीत, जाळी बसवलेली आहे. उद्या मी गेलो तर हिचं कोण? अकोल्याकडं एक संस्था आहे, अशा मोठ्या पोरीईले ठेवून घेते. तिथली मॅडम चांगली बोलली, चहाही दिला. मग उठता उठता म्हणाली, 'पाळीबिळीची भानगड नसेल तर जागा पाहू. आमच्याकडच्या बहुतेक मुलींचं करूनच आणतात पालक.' जिल्ह्याच्या गावच्या खाजगी दवाखान्यातला डॉक्टरही तेच म्हणतो. तिले ना लग्न करायचं, ना लेकरू. पिशवी ठेवून करायचं काय? मले त्यात चूक दिसत नाही. तुले दिसत असेल तर दाखव.

अन् पुष्पाले विचारायचं म्हणतेस. काय विचारू? ती 'हाव' म्हणेल. 'नको ना?' विचारलं तरी 'हाव' म्हणेल. मग कोणतं 'हाव' धरायचं, ते तूच कळव.

वामनराव


मेहकर
१६ फेब्रुवारी

जयमाला,

तुह्यं उत्तर नाही. शालूबाई म्हणते तुले उलट्यांचा त्रास आहे. आवळ्याची सुपारी धरत जा तोंडात, तुही माय तेच करायची.

मागच्या पत्रात मी सारं लिहिलं नाही. लिहायचं नव्हतं. पण दवाखान्यातून आल्यापासून डोक्यात नुसता भुगा झाला आहे, कोणाले तरी सांगावं लागेल, अन् मले दुसरं आहे कोण?

मार्गशीर्ष महिन्यात एक दिवस दुपारी पुष्पा घरातून गेली. मी जेवून आडवा झालो होतो, डोळा लागला. उठलो तर दार सताड उघडं. विहीर पाह्यली, बालाजीच्या देवळात पाह्यलं, शाळेमागं पाह्यलं. मग बसस्टँडवरून गोकुळचा फोन आला. गोकुळ म्हणजे माह्या हाताखाली तयार झालेला कंडक्टर, तू पाह्यलेला आहे. म्हणे, 'वामनकाका, तुमची पुष्पा माह्या शेगावच्या गाडीत आहे. मागच्या सीटवर. सोबत एक माणूस आहे.'

मी चपलेविना पळालो. गाडी उभी होती. पुष्पा खिडकीशी, हातात कुल्फीची काडी. बाजूले आपल्याच गल्लीतला माणूस, बायकालेकरांचा. नाव इथं लिहीत नाही. मले पाहून उठला अन् म्हणाला, 'गजानन महाराजाचं दर्शन करून आणतो म्हटलं पोरीले. बिचारीले कुठं कोण नेते.' मी त्याले तिथंच हाणला. लोक जमले. तो म्हणे भलाईचा जमाना राह्यला नाही. अन् जमलेल्यातले अर्धे त्याच्याच बाजूचे, म्हणे म्हातारं चिडकं आहे, पोरगी वेडी आहे.

गोकुळ म्हणाला, 'मी गाडीत चढलो तवा ही खिडकीच्या गजावर बांगडी वाजवून राह्यली होती. टक् करून एकदा वाजवे, थांबे, परत एकदा. म्हणून नजर गेली.' खेळत असेल. तिचं वाजवण्याचं खूळ तुले माहीतच आहे.

घरी आणून मी तिले विचारलं. त्यानं तुले हात लावला का? हाव. कुठं? हाव. नाही ना लावला? हाव. मी तिच्यावर ओरडलो. ती घाबरून हाव, हाव, हाव करत सुटली. शालूबाईनं तिले पदराखाली घेतलं अन् मलेच बाहेर काढलं.

काही झालं नाही. काही झालं नसेल. पुढची पाळी आली तवा शालूबाईनं मले नुसती मान हलवून सांगतलं अन् मी देवापुढं नारळ फोडला. त्याच दिवशी ठरवलं, पिशवी काढून टाकायची. म्हणजे उद्या काही झालंच तर निदान

हे वाक्य पुरं करवत नाही. तू समजून घे.

मग खाजगीत जायच्या आधी सरकारी दवाखान्यात गेलो. तिथं एक तरणी डॉक्टरीण होती. वाटलं बाईमाणूस आहे, समजून घेईल. तिनं सारं ऐकलं. म्हणाली, 'काका, कायद्यानं तिच्या राजीखुशीशिवाय असं ऑपरेशन करता येत नाही. बापाच्या मर्जीनंही नाही. आणि एक सांगा, पिशवी काढली की तो माणूस थांबेल का?' तीच पुढं म्हणाली, 'तो थांबणार नाही. फक्त तुम्हाला कळणार नाही.'

मले असा राग आला! मी म्हटलं, बाई, तुम्ही येता का माह्या घरी परकर धुवायले? ती चिडली नाही. म्हणाली, परकर धुवायला शिकवता येतं, पुष्पालाच, आमच्याकडे एक ताई आहेत, त्या शिकवतात. मी उठून आलो.

आता कोणाचं खरं धरू? खाजगीतला म्हणतो सगळे करतात. ही म्हणते करता येत नाही. सगळे करतात ते करता कसं येत नाही? मले काही समजून नाही राह्यलं.

वामनराव


मेहकर
५ मार्च

जयमाला,

या वेळी चार पानांचं पत्र पाठवलंस. तीन पानं मले झोडपलं, ते बरोबर आहे, ते वाचून मी बाजूले ठेवलं. शेवटच्या पानावर विचारलंस, 'आपल्या घरात पुष्पाच्या आधी असं कोणी होतं का? माझी डॉक्टर विचारते आहे.' अन् खाली लिहिलंस, 'लग्नाच्या वेळी तुम्ही मला रक्ताचं सांगत होतात. धम्मदीपच्या रक्ताचं. आता आपलंच रक्त तपासायची वेळ आली आहे.'

चांगलं हाणलंस. लागलं.

होता. माह्या बापाचा लहान भाऊ, पुंजाजी. तुमच्यापुढं त्याचं नाव कधी काढलं नाही. तुही माय सून होऊन आली तवाही तिले सांगतलं होतं की काका साधू झाला होता. कारण अशी गोष्ट बाहेर गेली की घरातल्या पोरीईची लग्नं अडतात. खानदानात आहे म्हणतात. माह्या बहिणीचं एक स्थळ त्याच्याच पायी मोडलं होतं.

पुंजाकाका भोळा होता. सोनाळ्याकडच्या आपल्या मूळ गावी गुरं राखायचा. गाडी दिसली की त्याले वेड लागे. बैलगाडी, ट्रक, काहीही. मागं लोंबकळायचा. आम्हा लेकराईले खांद्यावर घेऊन तोंडानं मोटारीचा आवाज काढायचा अन् साऱ्या गावातून फिरवायचा. मी एसटीत लागलो ते त्याच्याच खांद्यावरून, असं मले कधी कधी वाटते.

आणीबाणीचं साल होतं. मी मॅट्रिकले होतो. गावावर नसबंदीचा आकडा आला होता. मास्तरचा पगार अडलेला, ग्रामसेवकाची बदली डोक्यावर. आकडा भरेना. मग चावडीवर माणसं बसली अन् कोणाकोणाचं काही अडत नाही ते पाहू लागली. पहिलं नाव पुंजाजी. लग्न झालेलं नाही, होणार नाही, विचारणारं कोणी नाही. झालं तर असंच लेकरू होईल, अजून एक पोट कशाले, असं एक जण बोलला. माह्या बापालेही ते पटलं असावं. नाही म्हणाला नाही.

जीप आली. त्याले धरायची तयारी ठेवली होती, दोघं तगडे उभे केले होते. पण जीप पाहून पुंजाकाका स्वतःच पळत गेला अन् पुढच्या सीटवर जाऊन बसला. आम्हा पोराईले हात करत गेला. गाव हसलं. मीही हसलो, मले काय माहीत?

परत आला तो वाकून चालत. नंतर जवळजवळ वर्षभर एकच विचारायचा, आजीले, बापाले, मले, कुत्र्यालेही. 'मले काऊन नेलं होतं?' आजी म्हणायची, 'तुले ताप होता बाप्पा, म्हणून.' तो म्हणायचा, 'मले नव्हता ताप.' त्यानंतर गाडी दिसली की गोठ्यात लपायचा.

पुढं त्याले आजीच्या माहेरी ठेवला, तिथं तो खूप जगला, म्हातारा होऊन गेला. आता तुह्या प्रश्नाचं उत्तर. आजी सांगायची की पुंजाले लहानपणी मोठा ताप मेंदूत गेला, तवापासून तो असा. अन् पुष्पाच्या वेळी तुही माय रस्त्यात अडकली होती, पुराचं पाणी, दवाखान्यात पोचायले उशीर झाला, जन्मल्यावर पोरगी किती तरी वेळ रडलीच नाही. त्या सरकारी डॉक्टरणीले परवा परत जाऊन हे सांगतलं तवा ती म्हणाली, हे रक्तातलं दिसत नाही. पण ती नक्की नाही म्हणाली, 'दिसत नाही' म्हणाली. तुह्या डॉक्टरले सारं सांग. काही लपवू नको, आपण लय लपवलं.

रक्ताचं मी बोललो होतो. त्याचं काय करायचं ते मले समजत नाही. ज्या रक्ताचा एवढा तोरा मिरवला त्याच्यात काय होतं अन् काय नव्हतं, कोण जाणे!

पण एक सांगतो तुले. काल पुष्पाले वेणी घालताना मी मनात घोकत होतो, दवाखान्यातून आल्यावर हिनं विचारलं तर काय सांगायचं? 'तुह्या पोटात दुखत होतं ना, म्हणून.' असं ठरवलं. मग एकदम हात थांबला. माह्या तोंडातून आजी बोलून राह्यली होती.

तरी तारीख घेतली आहे. अठरा मार्च. खाजगीतच. शालूबाई होळीनंतर जाणार आहे. मी काय करू? मले दुसरं काही सुचत असतं तर केलं नसतं का?

वामनराव


मेहकर
१७ मार्च

जयमाला,

काल धम्मदीपचा फोन आला. नंबर माहीत नव्हता म्हणून मी उचलला. वाटलं आता हा मले कायदा शिकवेल, भांडेल. तयारीच करून बसलो. तो म्हणाला, 'बाबा, जेवण झालं का?' आता यावर माणसानं काय भांडावं?

म्हणाला, पुष्पाले काही दिवस आमच्याकडं पाठवा. मी म्हटलं, काही दिवसानं काय होते, कायमचं ठेवता का? तो म्हणाला, 'बाबा, खोटं बोलत नाही, कायमचं जमेल की नाही मला माहीत नाही. पुढं जयमालाचं बाळंतपण आहे. पण आत्ता जमेल.' खरं बोलला म्हणून राग आला नाही. पण 'पाहतो' म्हणून फोन ठेवला. कारण मी उद्या नाही, परवा नाही, माह्यामागं काय ते पाहून राह्यलो.

सकाळी निघतो. तू येऊ नको, या दिवसात प्रवास बरा नाही. आलीस तर मी तुले पाहून सारंच मोडून टाकीन, म्हणूनही येऊ नको.

पुष्पाले गाडीत बसायचं म्हटल्याबरोबर तिनं दोन घंट्या दिल्या. आत्ताच पायात चपला घालून दारात बसली आहे. उद्या जायचं आहे म्हटलं तरी उठत नाही.

वामनराव


मेहकर
१९ मार्च

जयमाला,

ऑपरेशन झालं नाही. आधी हे लिहितो म्हणजे तुह्या जिवाले घोर नको. आता बाकीचं सांगतो, जसं झालं तसं. मले स्वतःलेच अजून नीट लागत नाही.

दवाखान्यात पोचलो. सही मी केली. नर्सनं तिले हिरवा झगा घातला. पुष्पा खुशीत. मग चाकाची खाट आली. अगं, तिले काय आनंद झाला! 'गाडी, गाडी' करत स्वतःच चढली, स्वतःच आडवी झाली. अन् कडेच्या लोखंडी नळीवर बांगडीनं दोनदा वाजवलं. टक् टक्. चल. ढकलणारे दोघं हसले. नर्स हसली. मीही हसलो, अन् मनात म्हटलं, पाह्यलं का जयमाला, विचारलं का विचारत होतीस ना, घे, तिनं दोन घंट्या दिल्या. माह्या छातीवरचा दगड उतरला.

दहा पावलं गेलो नसू अन् मले जीप दिसली. पुढच्या सीटवर बसून हात करणारा पुंजाकाका दिसला. पण खाट चाललीच होती, मीही चाललोच होतो. इथवर आणलं अन् आता काय म्हणू?

आतल्या दाराशी नर्स म्हणाली, 'काका, आता तुम्ही इथंच थांबा,' अन् पुष्पाचा हात माह्या हातातून सोडवला. दार उघडलं. आतून थंड हवा आली. आत तोंड बांधलेली माणसं उभी. अन् पुष्पानं वाजवलं. एकदा.

खाट आत चालली. तिनं परत वाजवलं. एकदा. थांबली. परत एकदा. डोळे माह्याकडं.

मी ओरडलो, 'थांबवा गाडी!' गाडीच म्हणालो. साऱ्या दवाखान्यानं वळून पाह्यलं. डॉक्टर तोंडावरचं फडकं खाली ओढत बाहेर आला, वैतागलेला. म्हणाला, 'वामनराव, अहो, थंडी वाजली असेल तिला. तिला काय समजतं ऑपरेशन म्हणजे काय?' असेल. थंडीच वाजली असेल. हात सुटला म्हणून घाबरली असेल. ती पिशवीले नाही म्हणाली असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मी त्याले म्हटलं, साहेब, मी एसटीत होतो. घंटी कोणी दिली, काऊन दिली, हे ड्रायव्हर आधी विचारत नाही. आधी गाडी थांबते. मग कंडक्टर उतरून पाहतो काय झालं ते. तो म्हणाला हा दवाखाना आहे, एसटी नाही. मी नर्सले पुष्पाचा झगा काढून तिचे कपडे घालायले सांगतलं.

परत येताना गाडीत ती माह्या बाजूले खिडकीशी बसली होती. पोहे खाऊन पोट भरलेलं, मस्त. खिडकीच्या गजावर हात ठेवून बाहेर पाहून राह्यली होती. वाजवत नव्हती. साऱ्या रस्त्यानं एकदाही वाजवलं नाही. अन् मी तो गज पाहत बसलो.

शेगावच्या गाडीत गोकुळनं काय पाह्यलं होतं? 'टक् करून एकदा वाजवे, थांबे, परत एकदा.' मी तुले लिहिलं होतं, खेळत असेल म्हणून.

ती खेळत नव्हती, जयमाला.

मी तिले 'हात लावला का' विचारत बसलो, 'हाव' ऐकून चिडलो, ओरडलो. अन् तिनं तर मी विचारायच्या आधीच सांगतलं होतं. मीच शिकवलेल्या भाषेत. तिले सगळंच सांगता येत नसेल, पण 'थांब' सांगता येते. तिथं सांगतलं, दवाखान्यात सांगतलं. अन् मी, साऱ्या जिंदगीत एक घंटी न ऐकल्याबद्दल ड्रायव्हरासंग मारामारी करणारा माणूस, मी म्हटलं पोरगी खेळते.

आज सकाळी गोकुळले घेऊन पोलीस स्टेशनात गेलो. त्या माणसाचं नाव तिथं लिहून दिलं. काय होईल, नाही होईल. साहेब म्हणे मुलीचा जबाब कसा घ्यायचा? मी म्हटलं, शिकवतो तुम्हाले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरणीकडंही गेलो. ती 'मी सांगितलं होतं ना' म्हणाली नाही. सोबत येते म्हणाली. अन् ती परकर धुवायले शिकवणारी ताई उद्या घरी येणार आहे. मले म्हणे तुम्हीही बसा, काका. बसतो. मेडिकलमधून मी आज पॅडचं पाकीट पेपरात न गुंडाळता आणलं. हातात तसंच धरून साऱ्या बाजारातून आलो. लोकाईनं पाह्यलं तर पाह्यलं.

हे सारं लिहिलं म्हणजे मले सारं समजलं असं समजू नको. संस्था तिले ठेवणार नाही. शालूबाईचं सामान बांधून झालं आहे. माही जाळी किती दिवस चालते कोणाले माहीत? मी गेल्यावर तिच्या एका घंटीले कोण थांबेल, याचं उत्तर अजून माह्याजवळ नाही. भीती तेवढीच आहे. फक्त भीती कोणाची धरायची ते बदललं.

तुह्या पोटातल्या जिवाबद्दल तुम्ही दोघं काय ठरवायचं ते ठरवा. मी विचारणार नाही, सांगणार नाही. पोरगं येवो, पोरगी येवो, कसंही येवो, त्याच्यासाठी दुसरी घंटी मिळते का ते गोकुळले डेपोत पाहायले सांगतलं आहे.

आता एक. मघाशी मी पुष्पाच्या हातात दोरी दिली. तोंडानं उत्तर देऊ नको म्हटलं, हाव म्हणू नको. मग विचारलं, 'जयमालाकडं जायचं का? धम्मदीपच्या घरी?' तिनं दोरी धरली. लय वेळ काहीच नाही. मी थांबलो. मले सवय नाही, पण थांबलो. मग दोन घंट्या, अन् शालूबाईची मांजर पळाली.

धम्मदीपले सांग, रविवारी येऊन राह्यलो. दोघं. अन् त्याले म्हणा, या म्हाताऱ्यानं आजवर तुह्या दारात पाय ठेवला नाही, म्हणून दारातच उभा करू नको.

तुझा बाप,
वामनराव